अगानेताचा आश

ग्रुनफेल्ड, तलास खोरे
२ नोव्हेंबर १९९६

प्रिय नेलियस,

तार तुला मिळाली हे कळलं. बाकीचं तारेत मावणारं नव्हतं, म्हणून लिहिते.

आई गुरुवारी सकाळी गेली. आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, कोबीच्या पिंपावर मोठा दगड ठेव, लहान चालणार नाही. तेच शेवटचं बोलणं. तुझ्या चर्चच्या मंडळीत विचारतील, शेवटचे शब्द काय होते म्हणून. सांगायचे तर सांग. कोबी यंदा उत्तम आंबलाय.

आपली जर्मन माणसं गावात दोनच उरलीत. मी आणि म्हातारा गेरहार्ट फास्ट. बाकी सगळे तुमच्याकडे, जर्मनीत. कबरीपाशी गेरहार्टने गीत उचललं, पण चौथ्या ओळीला त्याला वाटलं हे लग्न आहे, आणि तो लग्नाच्या गीतावर गेला. मीही त्याच्याबरोबर गेले. अर्ध्यात सोडणं बरं दिसलं नसतं.

पाळक नव्हते. त्यामुळे जीवनवृत्त वाचायचं राहिलं. जन्म कुठला, बाप्तिस्मा कधी, किती मुलं वाढवली आणि किती पुरली, हे सगळं पेटी खाली जाण्याआधी वाचायचं असतं. आपल्यात कुणाचंच राहत नाही. आईचं राहिलं. मी बाई, उभी राहून कशी वाचणार? तेवढं मला टोचतं.

दुमजली पाव केले, खाली मोठा गोळा, वर छोटा. पूर्वीसारखं पीठ घरोघर वाटलं. पण घरं आता किरगिझांची. त्या बायकांनी वरचा गोळाही खालच्याएवढाच केला, कंजूष दिसायला नको म्हणून. भट्टीत सगळे लवंडले. लोकांनी ते दोन्ही हातांनी धरून खाल्ले.

पेटी चौघांनी उचलली. पुढे डावीकडे शेजारचा तुर्दाकुन. ती जागा तुझी. त्याने मला विचारलं, 'तिचं दूध प्यायलोय मी. धरू का?' मी म्हटलं, धर. आपल्यात कबरीशी मोठ्याने रडत नाहीत. तो त्यांच्या रीतीने वेशीपासून आईला 'एने, एने' अशा हाका मारत हंबरत आला. गेरहार्टने त्याला दोनदा गप्प केलं.

आणखी एक. तुर्दाकुनने एक घोडी आणलीय. तांबडी, तरणी. कशाला ते मी विचारलं नाही.

तुझी बहीण,
युस्टीना


डेटमोल्ड
१ डिसेंबर १९९६

प्रिय एजे,

तुझी भावजय ग्रेटा म्हणते, थोरल्या बहिणीला अजून किरगिझ हाक काय मारतोस. दुसरी येत नाही.

तुझं पत्र आधी एकट्याने वाचलं, मग मंडळीत वाचून दाखवलं, कोबीसकट. एक म्हातारी हसली. ती ग्रुनफेल्डचीच.

मला यायचा परवाना मिळाला तेव्हा आईला पुरून नऊ दिवस झाले होते. पुढच्या सप्टेंबरमध्ये येतो. कबरीवर दगड बसवू, बायबलचं वचन कोरून घेऊ. वचन कोणतं ते तू ठरव.

आता घोडी. ती कशाला हे तू विचारलं नाहीस, कारण तुला माहीत आहे. मलाही आहे. लहानपणी डझनभर आश जेवलोय. वर्ष भरत आलं की मेलेल्याच्या नावाने घोडी कापायची, सारं खोरं जेवू घालायचं, मुल्लाने पठण करायचं, आप्तांनी गळा काढायचा, शेवटी घोड्यांची शर्यत. त्यांच्यात ते चांगलंच आहे. पण आई त्यांच्यातली नव्हती. मेलेल्यांसाठी आपण काही करत नाही. जे करायचं ते प्रभूने करून ठेवलंय. हे मला तिनेच शिकवलं.

तुर्दाकुनला सांग, घोडी विकून टाक. प्रेमाने सांग.

तुझा,
नेलियस


ग्रुनफेल्ड
२० जानेवारी १९९७

प्रिय नेलियस,

सांगितलं. प्रेमाने. तो गोठा झाडत होता.

'नेलियस म्हणतो, घोडी विक.'

'त्याला हवीय का?'

'नाही. नुसतं विक म्हणतो.'

'मग त्याला म्हणावं, तू तुझी मोटार विक.'

आणि परत झाडायला लागला.

आता माझं ऐक. आई त्यांच्यातली नव्हती म्हणतोस. सोळाव्या वर्षी तू फ्रुंझे शहरात शिकायला गेलास, तिथेच नोकरीला लागलास, सणासुदीला येत राहिलास. मधल्या दिवसांत आई काय करायची ते तुला कुठून कळणार? खोऱ्यातला एक आश तिने चुकवला नाही. पावांची टोपली घेऊन जायची, बायकांच्या रांगेत बसायची. ताट पुढे आलं की हात जोडून डोळे मिटायची. अख्खी रांग थांबायची. एकदा कुणाच्या नव्या जावयाने मधेच घास तोंडात घातला, तर सासऱ्याने त्याच्या पाठीत चापट मारली. 'थांब. अगानेता अजून देवाशी बोलतेय.' तिचं बोलणं लांबायचं हे तुला माहीत आहे. मांस थंड व्हायचं. तिच्या तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. पाठीमागे म्हणायचे.

आणि तिचे वाढदिवस विसरलास? उपासनेला बंदी होती तेव्हा वर्षातून सहा-सात वाढदिवस व्हायचे तिचे. केक मधे, मंडळी भोवती, खिडक्यांना पडदे. तो पोलीस यायचा, लांब मानेचा. 'अगानेता, मार्चमध्ये तू पंचेचाळिसावं ओलांडलंस. मेमध्ये पुन्हा?' आई म्हणायची, 'कष्टाने माणूस भराभर म्हातारं होतं, साहेब. केक घ्या.' तो घ्यायचा. मोठा तुकडा घ्यायचा.

तेव्हा केक चालला. आता घोडी का नको?

इथे थंडी कडक आहे. दगड पिंपावर नीट बसलाय.

युस्टीना


डेटमोल्ड
२५ फेब्रुवारी १९९७

प्रिय एजे,

वाढदिवस मी विसरलेलो नाही. पडद्याशी उभं राहून रस्ता बघण्याचं काम माझं होतं. केकचा तुकडा मला शेवटी मिळायचा.

पण ते वेगळं. वाढदिवसाच्या आड आपण उपासना करायचो. आशाच्या आड काय आहे? आड काही नाही. तो आशच आहे.

मी इथे उपदेश करतो. लोक मला विचारून वागतात. उद्या कुणी म्हणालं, नेलियस कोपने आईच्या नावाने घोडी कापली, मुल्ला बसवला, तर मी काय सांगू? आई थंड मांस खायची, हे?

तुर्दाकुनने पेटी धरली, त्याचे उपकार आहेत. शेवटची सहा वर्षं त्याने आईचं पाणी भरलं, लाकडं फोडली, तेही मला माहीत आहे. तू प्रत्येक पत्रात लिहीत होतीस. आता त्याला एवढंच सांग, अगानेता कोपला मुलगा आहे आणि तो जिवंत आहे. त्याने आपली जागा कुणाला दिलेली नाही.

आश होणार असेल तर मी येणार नाही.

नेलियस


ग्रुनफेल्ड
१८ मार्च १९९७

नेलियस,

हे पत्र युस्टीनाचं नाही, माझं आहे. तुर्दाकुनचं.

तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलं. मधली वाक्यं गाळली. गाळताना ती दम घेते, त्यावरून कळतं. ती चहा आणायला गेली तेव्हा मी सगळं वाचलं. तुमची अक्षरं मला येतात. तुझ्या आईने तुझ्याबरोबर मलाही पाटीपुढे बसवलं होतं. तू रडायचास.

तू लिहितोस, तिला मुलगा आहे. आहेच. मी कधी नाही म्हटलं? पण दुधाचं ऐक. मी जन्मलो आणि माझी आई तापाने पडली, तेव्हा तू तीन आठवड्यांचा होतास. त्या हिवाळ्यात अगानेता स्वतः बीट उकडून खात होती. तरी एका अंगाला तू, एका अंगाला मी. माझा बाप सांगायचा, डावी बाजू माझी. मी तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. काय ते समज.

आमच्यात मुलाने आईचा आश दिला नाही तर त्याला कुणी हाकलत नाही. घरात घेतात, चहा देतात. फक्त दाराशी, शेवटच्या जागी बसवतात. मी पन्नाशीला आलो, मला दाराशी बसायचं नाही. लोक म्हणतील, तुर्दाकुन दूध प्यायला आणि तोंड पुसून मोकळा झाला.

तुझ्या बाजूचंही बघतो. मुल्ला नको? ठीक. मी त्यालाही विचारलं. तो म्हणाला, 'त्यांच्या माणसाबद्दल मी काय म्हणू? त्यांचा माणूस बोलव. मी पहिल्या रांगेत बसून ऐकतो.' आता तुमचा माणूस कोण? गेरहार्ट? तो सगळ्यांची लग्नं लावून मोकळा होईल. उरलास तू.

आशाच्या दिवशी दाराशी मुलांनी उभं राहायचं असतं, येणाऱ्यांना सामोरं जायला. पहिली जागा थोरल्याची. तीन आठवड्यांनी का होईना, थोरला तू. ती जागा मी कधी मागितली नाही. मी शेजारची मागतोय.

तू आला नाहीस तर आश होणार नाही. थोरला असताना धाकट्याने एकट्याने दिलेला आश कोण जेवेल? घोडी खात राहील आणि मी तिच्याकडे बघत म्हातारा होईन. मला भाऊ मानायचं नसेल तर मानू नकोस. पण इथे येऊन तोंडावर सांग. पत्रात भित्रासुद्धा धीट असतो.

तुर्दाकुन

ता. क. घोडी आता माझ्या हातचं खात नाही. युस्टीना तिला सफरचंदाची सालं घालते. तू तिला लिही. जिला कापायचं तिच्याशी ओळख वाढवू नये.


डेटमोल्ड
१४ एप्रिल १९९७

प्रिय एजे, आणि तुर्दाकुन (तू वाचणारच, म्हणून तुझंही नाव घालतो),

तुर्दाकुनचं पत्र आठवडाभर खिशात घेऊन कामावर गेलो.

भित्रा म्हणालास, बरोबर आहे. भीती देवाची नाही, दाराची आहे. मी तिथे उभा राहीन आणि येणारा प्रत्येक जण तुर्दाकुनच्या गळ्यात पडेल. मला विचारतील, पाहुणे कुठले? हे इथून लिहायला सोपं जातं.

तरी येतो. माझ्या अटी अशा. मेलेल्यासाठी प्रार्थना मी करणार नाही, जिवंतांसाठी करीन. कुणी गळा काढायचा नाही. शर्यत नाही. आणि जेवणाआधी आईचं जीवनवृत्त मी वाचणार. ते राहिलंय. एजेला टोचतं म्हणते. मला माहीत आहे.

मान्य असेल तर घोडी ठेव.

काल वृत्त लिहायला बसलो. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, बाबा श्रमछावणीतून परत आले ते वर्ष, आपण दोघं. अर्धं पान झालं. पुढे लिहिलं, 'प्रभूवर श्रद्धा ठेवली आणि मुलाबाळांसाठी झिजली.' मग आठवलं, हे वाक्य इथे मी दर महिन्याला कुणा ना कुणासाठी वाचतो. नाव बदललं की झालं. सोळा वर्षांचा होतो तोवरची आई मला ठाऊक आहे. पुढची नाही.

एजे, तू लिहून पाठव.

नेलियस


ग्रुनफेल्ड
८ जून १९९७

प्रिय नेलियस,

तुझ्या अटी मी तुर्दाकुनला एकेक करून सांगितल्या. तो बोटं मिटत गेला.

'मुल्ला नाही.'

'ते झालंय.'

'गळा काढायचा नाही.'

'बायकांना सांगतो. मी माझं बघतो.'

'शर्यत नाही.'

यावर तो अडला. उठून दारापर्यंत गेला, परत आला.

'शर्यत नाही,' तो म्हणाला. 'पण पोरं घोड्यावरून येणार ना? पायी कशी येतील? सगळी एकाच वेळी निघतील, एकाच ठिकाणी येतील. कुणीतरी आधी पोहोचेलच. त्याला मी काय करू?'

मी म्हटलं, त्याला तू काही करू शकत नाहीस. तेव्हा शर्यत नाही असं ठरलंय.

घोडीचंही सांगते. ती माझ्या मागे मागे फिरते, खिडकीतून डोकं आत घालते. परवा तुर्दाकुन म्हणाला, 'हिला कापली तर तू रडशील, आणि रडायचं नाही ही थोरल्याची अट आहे.' ती त्याने मला देऊन टाकली. दुसरी आणलीय, जाडजूड, चावरी. तिच्याशी कुणाचीच ओळख होणार नाही.

आता आईबद्दल. मला वाटलं होतं चार पानं भरतील. लिहायला बसले आणि माझंही तुझ्यासारखंच झालं. रोज डोळ्यांसमोरचं माणूस कोण बघतं? जे सुचलं ते लिहिते, हवं ते घे.

दूध काढताना ती गीत म्हणायची. गाय उभी राहिली नाही तर गीत बदलायची. लाथ मारली तर पश्चात्तापाचं गीत.

तिची प्रार्थना नावानिशी असायची. आधी घरातले, मग शेजारी, मग खोरं, मग सरकार. तिला कुणाचा राग आला की त्याचं नाव मागे जायचं, पण गळायचं नाही. तू जर्मनीला गेलास त्या वर्षी तू शेवटी होतास, गेरहार्टच्या कोंबड्याच्याही नंतर. मी पलीकडच्या खाटेवरून ऐकायची. नाताळपर्यंत तू सरकारच्या पुढे आलास. ईस्टरला तुर्दाकुनच्या पोरांबरोबर. गेल्या वर्षी कापणीच्या सुमाराला परत पहिला.

हे तुला सांगावं की नाही, ठरत नव्हतं.

वचन मला अजून सुचत नाही. घाई नको.

युस्टीना


डेटमोल्ड
१९ ऑक्टोबर १९९७

प्रिय एजे,

नीट पोहोचलो. तू तळून दिलेल्या बोर्सोकच्या गोळ्यांचा डबा विमानातच संपला. शेजारच्या बाईला दोन दिले, तिने आणखी मागितले.

रविवारी मंडळीत सगळं सांगितलं, न लपवता. मग मंडळीचे ज्येष्ठ यान्त्सेन, आमच्यातले सगळ्यात कडक, म्हणाले, 'म्हणजे घोडा खाल्लास.'

'खाल्ला.'

'कझी होती?'

'होती. जाड. चरबीची.'

यान्त्सेनही मूळचे तिकडचेच, कारागांदाचे. घोड्याच्या त्या सॉसेजचं नाव घेतलं आणि त्यांनी डोळे मिटले. प्रार्थनेसाठी नसावेत.

तू आत बायकांत होतीस, म्हणून दाराशी काय झालं ते लिहितो. पहिला आला तो तुर्दाकुनचा कुणी मामेभाऊ. सरळ त्याच्याकडे निघाला, मला वाटलं होतं तसाच. तुर्दाकुनने त्याचे खांदे धरून त्याला वळवला.

'आधी तिकडे. तो थोरला.'

'हा कोण?'

'आमचा नेलियस.'

'जर्मनीला गेला तो?'

'मग हा काय इथे उभा आहे!'

दुसऱ्यालाही तसाच वळवला. तिसऱ्यालाही. चौथा एक म्हातारा होता, तो आपणहून माझ्याकडे आला, गळ्यात पडला, आणि कानात म्हणाला, 'अगानेता गेली रे, बाळा.' मी पन्नाशीचा. मला बाळ म्हणणारं ती गेल्यापासून कुणी राहिलं नव्हतं. गळा काढायचा नाही ही माझी अट. तुर्दाकुनने ती पाळली. मी नाही पाळली. 'एने' अशी हाक माझ्या तोंडून निघाली ती तू आत ऐकलीच असशील; भट्टीपाशीच्या बायका बाहेर धावल्या. तुर्दाकुनने मला कोपराने ढोसलं.

'अट कुणाची होती?'

'माझी.'

'मग आता मी सुटलो?'

'सुटलास.'

पुढे आम्ही दोघं होतो.

वाचायला उभा राहिलो तेव्हा हातात दोन पानं होती. तुझी गाय दुसऱ्या पानावर होती, प्रार्थनेतली नावंही. तिथवर पोहोचलोच नाही, हे तू पाहिलंस. तिसऱ्या वाक्याला कुणी म्हणालं, 'चूक. तेव्हा ती वरच्या वस्तीत राहायची, माझ्या आजीच्या घरी.' मी खोडून लिहिलं. पाचव्या वाक्याला मुल्ला म्हणाला, 'क्षयाच्या साथीत माझ्या बापाला रोज दूध कुणी पोचवलं, ते राहिलं.' ते लिहिलं. मग सगळेच सुरू झाले. बायकांच्या बाजूने कुणी ओरडलं, की माझी पहिली मुलगी अगानेताच्या हातावर जन्मली आणि ती हात धुवायच्या आधी देवाचे आभार मानत बसली, तेव्हा तिला चहाच्या चमच्याने मारावं लागलं. लोक हसत होते, मी लिहीत होतो, मोकळी जागा संपली तर पाठकोरी बाजू घेतली. तुर्दाकुन ओरडला, 'अरे, मांस गार होतंय!' त्यावर मागून कुणी म्हणालं, 'अगानेताच्या नावाने गरम कधी खाल्लंय?'

शर्यत झाली नाही. पांढऱ्या ठेंगण्या घोड्यावरचा पहिला आला.

आता मुद्द्याचं. घोडेस्वार यायच्या जरा आधी खालच्या गिरणीचा बेकबोलोत उठला होता. तोच म्हातारा, मला बाळ म्हणाला तो. काठी आपटून म्हणाला, 'हे सगळं ठीक आहे. पण तिने माझी बकरी चोरली होती, ते कुणी का सांगत नाही?' सगळे हसले, त्याने पुढे काही सांगितलं, आणि तेवढ्यात घोडे आले, धूळ झाली, मला एक शब्द ऐकू आला नाही. जेवण झाल्यावर शोधला, तो निघून गेला होता.

एजे, आईने बकरी चोरली? 'चोरी करू नको' या आज्ञेवर बोलताना पंचवीस वर्षं मी तिचं उदाहरण देतोय. जानेवारीत परत द्यायचं आहे. माझ्या कागदावर फक्त 'बकरी' एवढंच लिहिलेलं आहे आणि पुढे प्रश्नचिन्ह. मला झोप लागत नाही. आणि खरं सांगू, हसूही आवरत नाही.

गिरणीवर जा. त्याला विचार. सगळं लिही, काही गाळू नकोस.

तुझा,
नेलियस


ग्रुनफेल्ड
३० नोव्हेंबर १९९७

प्रिय नेलियस,

गेले. गिरणीच्या वाटेवर बर्फ आहे. बेकबोलोत चुलीशी बसला होता. मला त्याने वर, मानाच्या जागी बसवलं. मी पाव नेले होते.

'काका, ती बकरीची गोष्ट.'

'कुठली?'

'आईने चोरलेली.'

'चोरलेलीच. दिवसाढवळ्या. गीत म्हणत घेऊन गेली.'

'का पण?'

'आणि मी मागे. थांब म्हणालो तर म्हणाली, कडवं संपू दे.'

'पुढे?'

त्याने पाव उचलला, वरचा गोळा काढून खाल्ला, मग खालचा.

'तुला कशाला हवंय?'

'नेलियसला कळवायचंय. लिहून पाठवते.'

'लिहून?' तो इतका हसला की सुनेने पाणी आणलं. 'बाई गं, ही कागदावर सांगायची गोष्ट नाही. मला मधे उठावं लागतं. बकरी कशी चालत होती, अगानेता कशी चालत होती, ते करून दाखवावं लागतं. त्याला म्हणावं, ये.'

'तो लांब असतो, काका.'

'बकरीसुद्धा लांबच गेली होती.'

आणखी तीन पाव खाल्ले, एक बाहीत ठेवला, आणि एक अक्षर बोलला नाही. घरी येऊन तुर्दाकुनला विचारलं. त्याला माहीत आहे. तो हसतो त्यावरून कळतं. पण म्हणतो, थोरल्याने ऐकायच्या आधी धाकट्याने बोलू नये.

तेव्हा जानेवारीत दुसऱ्या कुणाचं तरी उदाहरण दे.

खोऱ्यात यायची खिंड मेमध्ये उघडते. बेकबोलोत चौऱ्याऐंशीचा आहे, आणि हल्ली बोलता बोलता बसल्या जागी झोपतो. जूनची वाट पाहू नकोस.

युस्टीना